आमचे मामा : एक हिशेबनीस



थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिण्याची व सांगण्याची परंपरा आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. सेनापति, संत, कवि, वैद्य, अध्यापक, इतकेंच काय पण नट आणि पहिलवान यांच्याहि आठवणी लोक आवडीनें ऐकतात. परंतु हिशेबनिसाचें चरित्र कोणीं सांगितल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. त्याचें कारणहि उघड आहे. हिशेबनिसाचें काम चोख असेल तर तें दिसतच नाहीं. दिसतें तें फक्त चुकलेलें काम. ज्याच्या वह्या पन्नास वर्षें बरोबर जुळल्या, त्याच्याविषयीं सांगावयाचें तरी काय, असें कोणीहि विचारील.

आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें ते असेच एक हिशेबनीस होते. ते १९२० सालीं मुंबईंत जन्मले. एका कापडगिरणीच्या कचेरींत त्यांनीं वीस वर्षें कीर्द-खतावणी लिहिली. चाळिसाव्या वर्षीं आई, बायको व मुलें यांना घेऊन ते परदेशीं गेले. आणि तेथील वाळवंटांतल्या एका नव्या गांवीं त्यांनीं उरलेलें आयुष्य घालविलें. नात्यानें ते माझे मामा. आपलें नांव चारचौघांत घेतलें जावें हें त्यांना कधींच आवडलें नाहीं. म्हणून आजहि मी त्यांना नुसतें मामाच म्हणणार आहें.

मामा बेने इस्राएल समाजाचे. या समाजाची हकीकत मुंबई-ठाण्याकडील लोकांस थोडीबहुत ठाऊक असते. तरी पुढील गोष्टी नीट कळाव्या म्हणून ती चार शब्दांत सांगतों. फार पूर्वीं एक गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांचाच वंश पुढें कोंकणपट्टींत पसरला, अशी आमची परंपरा सांगते. धर्मग्रंथ समुद्रांत गेले, भाषा गेली. राहिला तो शनिवार पाळण्याचा नेम. तेल गाळण्याचा धंदा आमच्या पूर्वजांनीं धरला आणि शनिवारीं घाणा बंद ठेवला; शेजाऱ्यांनीं म्हणून आम्हांला 'शनवार तेली' हें नांव दिलें. गांवांवरून आडनांवें पडलीं, तीं पेणकर, किहीमकर, चेऊलकर, नवगांवकर अशीं. सणांनाहि मराठी नांवें मिळालीं : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. एलियाहू हन्नाबीच्या नांवानें आमच्या घरीं मलिद्याचें ताट भरतात, त्यांत पोहे, गूळ, खोबरें आणि फळें असतात. पुढें आमचे लोक मुंबईस आले. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं तेथें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं आमच्या मुलांकरितां शाळा काढली. मामा याच माझगांवच्या शाळेंत शिकले. घरीं मराठी, कचेरींत इंग्रजी, प्रार्थनेंत हिब्रू अशी त्यांच्या पिढीची त्रिस्थळी यात्रा होती.

गिरणीच्या कचेरींत मामांचें टेबल पगारखात्यांत होतें. त्यांच्या कामाची खरी रीत मला कळली ती १९५७ सालच्या एका प्रसंगावरून. ती हकीकत माझे वडील नेहमीं सांगत. त्या वर्षाच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस आपल्या देशांत दशमान नाणें सुरू झालें. रुपयाचे सोळा आणे होते, ते जाऊन शंभर नवे पैसे झाले. आतां शंभरास सोळानें भागलें म्हणजे एका आण्याचे सव्वासहा पैसे येतात. पण सव्वासहा पैशांचें नाणें कोठून आणावयाचें? म्हणून सरकारी कोष्टकांत एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे धरले होते. कोष्टक बरोबरच होतें. पण एखाद्या कामगाराच्या पगारांतल्या चार निरनिराळ्या रकमांत एकेक आणा असला आणि प्रत्येक आणा वेगळा मोडला, तर त्याच्या हातीं चोवीसच पैसे पडत. चारी आणे आधीं मिळवून मग मोडले तर पंचवीस पडत. एक पैसा ही कांहीं मोठी रक्कम नव्हे. परंतु गिरणींत माणसें हजारांनीं होतीं, आणि पगार दर महिन्याचा होता.

मामांनीं आपल्या खात्यासाठीं एक ओळ पुठ्ठ्यावर लिहून भिंतीस टांगली : 'आधीं बेरीज, मग बदल.' त्या महिन्याचे पगारपत्रक त्यांनीं रात्रीं बसून पुन्हां तपासलें, आणि सुटीनंतर दाराशीं उभे राहून कामगारांना आण्यांचे पैसे कसे करावयाचे तें समजावून दिलें. कोणीं विचारलें, "साहेब, एका पैशासाठीं एवढा त्रास कशाला?" तेव्हां ते म्हणाले, "पैसा एकच आहे, पण तो माझा नाही." मामांची सगळी नीति या एका वाक्यांत आलेली आहे, असें मला वाटतें.

१९४८ सालीं इस्राएलचें राष्ट्र स्थापन झालें आणि आमचे लोक हळूहळू तिकडे जाऊं लागले. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या देशांत आम्हांला धर्मासाठीं कोणीं छळलें नाहीं; आमचे लोक जेथें जेथें गेले तेथें तेथें ही गोष्ट अभिमानानें सांगतात. मग गेले कां? कोणी श्रद्धेनें गेले, कोणी भाऊबंद गेले म्हणून गेले, कोणी मुलांना पुढें बरे दिवस येतील या आशेनें गेले. मामांनीं हिशेबनिसाला शोभेल अशा रीतीनें एका कागदाच्या दोन बाजू केल्या. एका बाजूस राहण्याचीं कारणें मांडलीं, दुसऱ्या बाजूस जाण्याचीं. कायमची नोकरी, स्वतःची खोली, मराठी शाळा, बहिणीचें घर, ओळखीचा समुद्र या सगळ्या रकमा राहण्याच्या बाजूस होत्या. बेरजेप्रमाणें राहावयाचेंच ठरत होतें. परंतु माझ्या आजीची इच्छा होती कीं आपली माती यरुशलेमच्या देशांत पडावी. मामांनीं तो कागद घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवला आणि १९६० सालीं प्रयाण केलें. आईची इच्छा त्यांनीं कागदावर कोणत्याच बाजूस लिहिली नव्हती.

दिमोना हें गांव नेगेवच्या वाळवंटांत १९५५ सालीं वसलें. तेथें मोरोक्कोहून आलेले लोक आधीं राहूं लागले आणि मागून आमचे लोक आले. कापडाच्या गिरण्या निघत होत्या, म्हणून गिरणगांवांतल्या माणसांना तेथें काम मिळे. आजीच्या पत्रांतलें पहिलें वाक्य आमच्या घरांत अजून सांगतात : "इथं देव जवळ आहे म्हणतात, पण नारळ फार लांब आहे." मामांना पहिलीं तीन वर्षें हिशेबाचें काम मिळालेंच नाहीं. भाषा येत नाहीं त्याच्या हातीं वही कोण देणार? वीस वर्षें खुर्चीवर बसलेला हा माणूस गोदामांत कापडाचे गठ्ठे मोजूं लागला. पत्रांत त्याची तक्रार कधीं आली नाहीं. "मोजणं हाहि हिशेबच आहे, फक्त उभं राहून करायचा," असें त्यांनीं एकदां माझ्या आईला लिहिलें.

रात्रीच्या वर्गांत ते हिब्रू शिकले. प्रार्थनेची हिब्रू त्यांना येत होती. पण ती भाजीवाल्याशीं बोलण्याची नव्हे. पुढें त्यांना हिशेबखात्यांत घेतलें, तेव्हां त्यांनीं लिहिलेलें एक पत्र माझ्यापाशीं आहे. त्यांत ते म्हणतात कीं आपल्या देशी वहींत जमा डावीकडे असते व नांवें उजवीकडे. इंग्रजी वहींत नेमकें उलट. आणि येथें तर वहीच उजवीकडून उघडते, अक्षरें उजवीकडून डावीकडे चालतात, मात्र आंकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात. म्हणजे एकाच ओळींत अक्षरें आणि आंकडे एकमेकांस समोरून येऊन भेटतात. पण त्यांना खरा आनंद झाला तो शब्दांचा. हिब्रू जमाखर्चांत नांवे बाजूस 'होवा' म्हणतात आणि जमा बाजूस 'जखुत'. 'होवा' या शब्दाचा दुसरा अर्थ कर्तव्य, आणि 'जखुत' या शब्दाचा अर्थ हक्क किंवा पुण्य. "मुंबईस वीस वर्षें मी नांवें आणि जमा लिहीत होतों," असें ते लिहितात, "आतां कळलं कीं मी कर्तव्यं आणि पुण्यं लिहीत होतों."

मामांच्या आयुष्यांतली सर्वांत कठीण जमाबंदी याच सुमारास उभी राहिली. १९६२ सालीं तेथील वरिष्ठ धर्मपीठाकडून असा आदेश निघाला कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाचा विवाह इतर यहुदी कुटुंबांत व्हावयाचा असल्यास त्या व्यक्तीच्या आईबाप-आजाआजींची, व शक्य तितक्या मागील पिढ्यांची, चौकशी करावी. इतकीं शतकें आम्ही इतर यहुदी समाजांपासून दूर राहिलों, आमचे विवाह आणि काडीमोड शास्त्राप्रमाणें झाले असतील कीं नाहीं, ही त्यांची शंका. ज्या लोकांनीं सर्व कांहीं विसरूनहि शनिवार सोडला नाहीं, त्यांना त्यांच्या स्वप्नाच्या देशांत पोंचल्यावर कोणी म्हणावें कीं तुम्ही कोण तें सिद्ध करा, या दुःखाची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

प्रथम मामांनीं आपल्या स्वभावाला अनुसरून एक वही घातली. दिमोन्यांतल्या प्रत्येक बेने इस्राएल घराण्याला एक पान. वर आडनांव व कोंकणांतलें मूळ गांव. खालीं बाप, आजा, पणजा, आई, आजी. जेथें नांवें आठवेनात तेथें ते मुंबईस पत्रें धाडीत. मी तेव्हां पंधरा वर्षांचा होतों. वडिलांच्या बरोबर मी अलिबाग आणि रेवदंडा या बाजूंच्या जुन्या कबरस्तानांत जाऊन दगडांवरचीं नांवें उतरून घेतलेलीं आहेत. अलीकडच्या दगडांवर मराठी व हिब्रू अक्षरें होतीं. त्यामागचे दगड नुसतेच दगड होते. नारळीच्या बागेच्या कडेला पावसानें झिजलेला तो अक्षरशून्य दगड. त्याच्याखालीं कोण आहे हें कोणत्या वहींत लिहावयाचें?

दीड वर्ष हें काम चाललें. मग एक दिवस मामांनीं तें थांबविलें. शेवटच्या पानाखालीं त्यांनीं हिशेब पुरा झाल्यावर मारतात तशी दुहेरी रेघ मारली आणि आम्हांला कळविलें कीं आतां नांवें धाडूं नका. कारण त्यांनीं पत्रांत दिलें होतें. तें असें : "मीं जन्मभर हिशेब दिला. मालकाला दिला, कामगाराला दिला, सरकारला दिला. मागणाऱ्याला नाहीं म्हणणं मला ठाऊक नाहीं. पण हिशेब मागायला अधिकार लागतो. शेजाऱ्याच्या आजाचं नांव जर कोणी विचारीत नसेल, तर माझ्या आजाचं नांव विचारण्याचा अधिकारहि कोणाला नाहीं. आणि ज्या दगडावर नांव नाहीं, तो माणूस माझा नव्हे असं मी लिहून द्यायचं कीं काय?"

१९६४ च्या उन्हाळ्यांत आमचे शेंकडों लोक बायकामुलांसह यरुशलेमला ठाण मांडून बसले. हिंदुस्थानांत वाढलेल्या माणसांना सत्याग्रह कसा करावा हें शिकविण्याची जरूर नव्हती. मामाहि रजा घेऊन गेले. भाषण करण्याचा त्यांचा पिंड नव्हता. तेथें त्यांनीं काय केलें तर आलेल्या वर्गणीचा रोजमेळ लिहिला आणि दररोज संध्याकाळीं तो सर्वांना वाचून दाखविला. त्याच वर्षीं ऑगस्टच्या १७ तारखेस इस्राएलच्या लोकसभेनें, म्हणजे क्नेसेटनें, ठराव केला कीं बेने इस्राएल हे सर्व अर्थांनीं यहुदी असून त्यांच्यांत आणि इतरांत हक्कांच्या बाबतींत कोणताहि भेद नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मूळ आदेशांतून आमच्या समाजाचें नांव काढलें गेलें. मामा घरीं परत आले तेव्हां त्यांनीं रोजमेळांतली शिल्लक, अगदीं शेवटच्या अगोरापर्यंत, ज्याच्या त्याच्या गांवच्या मंडळीकडे पोंचती केली आणि पावत्या जपून ठेवल्या.

या प्रसंगानें आमच्या लोकांना एकत्र राहण्याचें मोल कळलें. दोन वर्षांनीं दिमोन्यांत एक लहानसा मदत-निधि सुरू झाला. मूळ तो मुंबईच्या चाळींतल्या भिशीसारखाच. लग्नकार्य, आजारपण, दफनविधि, किंवा हिंदुस्थानांत कोणाची आई अत्यवस्थ झाली तर जाण्याचें भाडें, एवढ्यासाठींच त्यांतून कर्ज मिळे. धर्माज्ञेप्रमाणें व्याज घ्यावयाचें नाहीं. निधिपाल मामा. त्यांनीं निधीचे नियम मराठींत लिहिले. त्यांतला चौथा नियम असा होता कीं निधिपालाच्या घरांतील कोणालाहि कर्ज मिळणार नाहीं.

या नियमाची किंमत त्यांना १९७४ सालीं द्यावी लागली. त्यांचा थोरला मुलगा, माझा मामेभाऊ, नुकताच लष्करी सेवेंतून सुटून आला होता. त्याचें लग्न ठरलें होतें. इतर तरुणांना निधींतून जशी रक्कम मिळाली तशीच त्यालाहि हवी होती. समितीचे सगळे सभासद द्यावयास तयार होते. "नियम तुम्हींच केलांत, तुम्हींच बदला," असें ते मामांना म्हणाले. मामा म्हणाले, "मीं केला म्हणूनच मला बदलतां येत नाही." मुलगा संतापला. परक्यांच्या मुलांना जें मिळतें तें आपल्या मुलाला मिळूं नये, हा कसला न्याय, असें त्यानें विचारलें. आणि खरें सांगावयाचें तर त्या प्रश्नाचें सोपें उत्तर कोणापाशींच नव्हतें. लग्न साधेपणानें झालें. त्यानंतर दोन वर्षें मामा गिरणींतून आल्यावर रात्रीं बाजारांतल्या दुकानदारांच्या वह्या लिहीत, आणि येणारी रक्कम दरमहा मुलाकडे पाठवीत. मुलानें पहिलीं सहा पाकिटें न फोडतां परत केलीं. सातवें सुनेनें ठेवून घेतलें. बापलेक पूर्ववत् बोलूं लागावयास आणखी बराच काळ जावा लागला.

हिशेबनीस म्हणून मामांची शेवटची आणि मोठी परीक्षा महागाईनें घेतली. आपल्याकडे किंमती वाढल्या कीं आपण हळहळतों; पण पैसा डोळ्यांदेखत विरघळतांना आपण पाहिलेला नाहीं. १९८० च्या फेब्रुवारींत इस्राएलनें पौंड हें नाणें काढून शेकेल आणला. दहा पौंडांचा एक शेकेल झाला. १९८४ सालीं किंमती एका वर्षांत चौपटीहूनहि पुष्कळ अधिक चढल्या. १९८५ च्या सप्टेंबरांत पुन्हां नवा शेकेल आला. एक हजार जुन्या शेकेलांचा एक नवा. म्हणजे ज्याच्यापाशीं निधीच्या आरंभीं दहा हजार पौंड होते, त्याचे कागदोपत्रीं एक नवा शेकेल झाले. मामांनीं मुंबईस आण्यांचे पैसे करतांना एका पैशासाठीं रात्र जागविली होती. येथें सबंध मुद्दलच वाऱ्यावर उडत होतें.

प्रश्न असा पडला : दोन वर्षांपूर्वीं ज्यानें हजार शेकेल कर्ज घेतलें त्यानें आज हजारच परत केले, तर वही जुळते; पण त्या हजारांत पूर्वीं लग्न होत असे, आतां जेवणहि होत नाहीं. अशानें निधि बुडणार. बरें, महागाईच्या मानानें अधिक घ्यावें तर तें व्याज होतें, आणि व्याज तौरातेनें निषिद्ध केलेलें. सभा मध्यरात्रीपर्यंत चालली. कोणीं सुचविलें कीं कर्ज पैशांत न देतां तांदळांत द्यावें. एक पोतें दिलें तर एक पोतें घ्यावें. त्यावर एका जाणत्या वृद्धानें दाखवून दिलें कीं धान्यास धान्य देण्याचा व्यवहारहि शास्त्रकारांनीं वर्ज्य मानला आहे, कारण मध्यंतरीं भाव चढला तर तेंहि व्याजच ठरतें.

मामांनीं त्यावर जी तोड काढली ती अशी. दिलेलें कर्ज आंकड्याप्रमाणेंच परत घ्यावयाचें. त्यांत एक अगोराहि वाढवावयाचा नाहीं. नवीं कर्जें मात्र लहान आणि थोड्या मुदतीचीं द्यावयाचीं. वर्गणी ही कर्ज नव्हे. म्हणून ती दर तीन महिन्यांनीं तांदळाच्या भावावरून ठरवावयाची. हातीं असलेली रक्कम घरांत न ठेवतां महागाईच्या निर्देशांकाशीं जखडलेल्या सरकारी रोख्यांत घालावयाची. आणि पांचवी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या वहीची. कर्जखात्याच्या प्रत्येक पानावर त्यांनीं दोन रकाने आंखले. एकांत किती आंकडा परत आला तें. दुसऱ्यांत तेवढ्या आंकड्यांत देतांना किती किलो तांदूळ येत होते आणि घेतांना किती आले तें. वार्षिक सभेंत हे दोन्ही रकाने त्यांनीं नांवें न घेतां वाचून दाखविले. मग ते म्हणाले, "पहिल्या रकान्याप्रमाणं कोणाचंहि देणं राहिलेलं नाही. दुसऱ्या रकान्याचा हिशेब निधीपाशी नाही. ज्याचा त्याच्यापाशी आहे." त्या वर्षीं नव्याच्या सणास निधीकडे ज्या देणग्या आल्या, तेवढ्या पूर्वीं कधीं आल्या नव्हत्या. आसपासचे कित्येक निधि त्या दोन-तीन वर्षांत मोडले, हा टिकला.

भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ च्या जानेवारींत जुळले. पुढच्या वर्षीं मी दिमोन्यास गेलों. मामा तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचे होते. दृष्टि मंदावली होती, तरी संध्याकाळीं जेवणाच्या टेबलाशीं शिकवणी चालू होती. गांवांतल्या मुलामुलींना ते जमाखर्च शिकवीत. त्यांत आमच्या लोकांचीं मुलें होतीं तशींच शेजारच्या मोरोक्की घरांतलींहि होतीं. एका मोरोक्की मुलीला 'कीर्द' हा शब्द स्वच्छ म्हणतां येत असे, याचें मला मोठें नवल वाटलें. तिकडे निघणारें 'मायबोली' हें मराठी नियतकालिक ते भिंग लावून वाचीत. मामी गेल्या होत्या. पण शुक्रवारीं सायंकाळीं दिवे लावण्याचा त्यांचा पाट मुलीनें तसाच मांडला होता, आणि जेवणांत नारळाच्या रसांतलें मासळीचें कालवण होतें. नारळ आतां तितका लांब राहिला नव्हता.

मामांनीं मला कपाट उघडून दाखविलें. निधीच्या पहिल्या वह्यांतले आंकडे देवनागरी होते; पुढच्या वह्यांत ते इंग्रजी झाले, कारण पुढील निधिपालांना ते वाचतां आले पाहिजेत. घराण्यांची ती दुहेरी रेघेची वहीहि होती. एका बाजूस घरखर्चाच्या वह्या होत्या. त्यांत प्रत्येक मुलाचें स्वतंत्र पान. जोडे, दप्तर, डॉक्टर, सहलीची वर्गणी, सारें तारीखवार. मोठ्या मुलाच्या पानावर शेवटीं त्या चोवीस महिन्यांच्या रकमा होत्या. पैकीं पहिल्या सहा 'परत' असें लिहून जमा केल्या होत्या आणि लगेच खालीं पुन्हां नांवें टाकल्या होत्या. माझ्या लक्षांत आलें कीं या पानांच्या तळाशीं बेरीज कोठेंच केलेली नव्हती. मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "मुलांच्या पानाची तेरीज काढायची नसते. काढली कीं ती मागावीशी वाटते."

मामा १९९७ सालीं वारले. त्यांनीं शिकविलेल्या मुलींपैकींच एकीनें निधीचा कारभार हातीं घेतला. तिनें वह्या, रोखे आणि रोकड तपासून घेतली, तेव्हां शिल्लक तंतोतंत जुळली. यांत कोणालाच आश्चर्य वाटलें नाहीं. दफनाच्या वेळीं जमलेल्या लोकांत असे पुष्कळ होते कीं ज्यांना मामांची भाषाहि येत नव्हती. माझा तो मामेभाऊ आतां स्वतः आजोबा झाला आहे. मागें मुंबईस आला असतां चौथ्या नियमाचा विषय निघाला. तो म्हणाला, "बाबांचं बरोबर होतं, हें मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण त्या गांवांत तीस वर्षं आमच्या घराकडे कोणीं बोट दाखवलं नाही, आणि तें घर माझं होतं." यापेक्षां प्रामाणिक श्रद्धांजलि मीं ऐकलेली नाहीं.

१९५१ च्या खानेसुमारींत या देशांतल्या यहुद्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर होती. २०११ च्या खानेसुमारींत ती पांच हजारांच्याहि आंत आली. जे गेले ते बहुतेक मामांसारखेच साधे लोक होते : कारकून, हिशेबनीस, सुतार, परिचारिका, गिरणीकामगार. त्यांचे पुतळे कोणी उभारणार नाहीं. परंतु परक्या भूमींत एखादा समाज मूळ धरतो तो अशाच माणसांच्या आधारावर. हिशेब म्हणजे कोरडेपणा, असा आपला एक समज आहे. मामांकडे पाहिलें म्हणजे वाटे कीं हिशेब हा विश्वासाचाच एक प्रकार आहे : जो माणूस दुसऱ्याचा एक पैसाहि आपला मानीत नाहीं, त्याच्या हातीं लोक निःशंकपणें आपलीं सुखदुःखें सोंपवितात. आणि कोणता हिशेब चोख द्यावयाचा, कोणता द्यावयाचें नाकारावयाचें, आणि कोणता मुळीं मांडावयाचाच नाहीं, हें ज्याला कळलें, त्याला हिशेबनिसाची विद्या पुरी आली असें म्हणावयास हरकत नाहीं.